एमडीएमए आणि अर्ध्या गोळीचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. धाकटा भाऊ तेवीस वर्षांचा, नैराश्यासाठी एस्सिटालोप्राम चालू. मित्रांबरोबर गोव्याला निघण्याच्या चार दिवस आधी त्याने ती स्वतःच बंद केली, कारण ‘डिप्रेशनची गोळी चालू असली की एक्स्टसी लागत नाही’ असं ग्रुपमधल्या कुणीतरी सांगितलं. तिथे एक्स्टसीची, म्हणजे एमडीएमए या नशेच्या पदार्थाची, आधी अर्धी गोळी घेतली. काही होत नाही म्हणून पाऊण तासाने उरलेली अर्धी. परत आल्यावर तीन-चार दिवस रडू, चिडचिड, झोपेचा पत्ता नाही. थोरल्या भावाला जाणून घ्यायचंय की एमडीएमए शरीरात नेमकं काय करतं, मित्रांचं म्हणणं खरं का, आणि ‘अर्धीच घेतली तर धोकाही अर्धाच’ हा हिशेब कितपत बरोबर.

मित्रांचं म्हणणं बरंचसं खरं आहे, आणि घोटाळा तिथेच होतो. अर्ध्या गोळीचा हिशेब मात्र साफ चुकीचा. तो का चुकीचा, हे समजायला थोडं रसायन आणि थोडं लिव्हर लागेल. सांभाळून घ्या.

आधी नावाचा घोळ मिटवतो, कारण कॅज्युअल्टीत त्यावरून खरोखर गडबड होते. मुंबई-पुण्याच्या बातम्यांत ‘एमडी’ म्हणून जे येतं ते मेफेड्रोन. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी दौंडजवळच्या कुरकुंभ एमआयडीसीतल्या कारखान्यावर धाड घातली, ती याच मालासाठी. एमडीएमए वेगळं: मिथिलीनडायऑक्सी-मेथॅम्फेटामिन, गोळी असेल तर एक्स्टसी, खडा किंवा भुकटी असेल तर मॉली. दोन्ही एकाच मोठ्या कुळातली, पण मेफेड्रोन लवकर चढतं, लवकर ओसरतं, म्हणून माणूस रात्रभर पुन्हा पुन्हा घेत बसतो. एमडीएमए चढायला अर्धा ते एक तास घेतं, चार ते सहा तास टिकतं आणि असर संपल्यावरही रक्तात बराच काळ राहतं. त्यामुळे सोबतची मुलं ‘सर, एमडी घेतलंय’ म्हणाली की माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: पावडर ओढली की गोळी गिळली? किती वाजता? आणि पहिल्यानंतर पुन्हा घेतली का?

हे औषध काही परवाचं नाही. जर्मनीत डार्मश्टाटच्या मर्क कंपनीतला रसायनशास्त्रज्ञ अँटोन क्योलिश रक्तस्राव थांबवणारं औषध शोधत होता. त्या वाटेवरचा एक मधला टप्पा म्हणून हे संयुग तयार झालं. पेटंटचा अर्ज २४ डिसेंबर १९१२ चा. ‘भूक मारायचं औषध म्हणून बनवलं होतं’ ही गोष्ट आजही पाठ्यपुस्तकांत सापडते, पण मर्कच्या जुन्या दप्तरात तिला काही आधार नाही. माणसावरच्या परिणामांचा पहिला नीट अहवाल अलेक्झांडर शुल्गिन आणि डेव्हिड निकोल्स यांनी १९७८ मध्ये छापला. अमेरिकेत काही मानसोपचारतज्ज्ञ ते समुपदेशनात वापरू लागले, मग ते बारमध्ये पोचलं, आणि १ जुलै १९८५ ला तिथे त्यावर बंदी आली. आपला अमली पदार्थांवरचा एनडीपीएस कायदाही १९८५ चाच.

आता मुख्य मुद्दा. मेंदूतल्या पेशी एकमेकींना संदेश द्यायला जी रसायनं वापरतात, त्यातलं एक सेरोटोनिन. ते वापरणारी चेतापेशी सेरोटोनिन सोडते आणि काम झालं की लगेच परत आत ओढून घेते. ओढून घ्यायचं काम पेशीच्या भिंतीवरचं एक प्रथिन करतं, त्याला सेरोटोनिन ट्रान्सपोर्टर म्हणतात. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन ही नैराश्यावरची औषधं (यांच्या गटाला एसएसआरआय म्हणतात) या प्रथिनात जाऊन बसतात आणि त्याचं काम अडवतात. मग सोडलेलं सेरोटोनिन बाहेर जरा जास्त वेळ रेंगाळतं. पण किती सोडायचं आणि कधी, हे अजून पेशीच ठरवत असते.

एमडीएमए त्याच प्रथिनाला फसवतं. त्याची ठेवण सेरोटोनिनशी इतकी जुळते की ट्रान्सपोर्टर त्याला आपलं समजून आत घेतो. आत गेल्यावर ते सेरोटोनिन साठवलेल्या बारीक पिशव्यांपर्यंत पोचतं. या पिशव्यांच्या भिंतीत व्हीमॅट-२ नावाचं प्रथिन असतं, त्याच्या वाटेने आत शिरून ते साठा पेशीतच सांडायला लावतं. आणि मग ट्रान्सपोर्टर उलट्या दिशेने चालू लागतो. टाकी भरणारी मोटर उलटी फिरून टाकीच उपसू लागावी, तसं. सेरोटोनिनची विल्हेवाट लावणारं मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं, त्यालाही एमडीएमए थोडं दाबतं. इथे पेशीला संदेश मिळायची गरज नसते, तिचा ताबाच सुटलेला असतो. साठा आहे तोवर उपसा चालू.

नॉरॲड्रेनलिन आणि डोपामिन ही असलीच आणखी दोन संदेशवाहक रसायनं. नॉरॲड्रेनलिनच्या ट्रान्सपोर्टरशीही हेच होतं, आणि डोपामिनच्याही, पण त्या मानाने कमी. साध्या मेथॅम्फेटामिनमध्ये भर डोपामिन आणि नॉरॲड्रेनलिनवर असतो. एमडीएमएच्या रेणूत ॲम्फेटामिनच्या सांगाड्याला दोन ऑक्सिजन असलेली जी जास्तीची कडी जोडलेली असते, तिने तराजू सेरोटोनिनकडे झुकतो. म्हणून मेथवर माणूस तडफदार आणि संशयी होतो, एमडीएमएवर गळ्यात पडतो. प्रेमळपणामागे ऑक्सिटोसिन आहे असं वाचायला मिळतं. रक्तातलं ऑक्सिटोसिन वाढतं हे खरं, सोबत कॉर्टिसॉल आणि प्रोलॅक्टिनही वाढतात, पण सगळं श्रेय त्या एका हॉर्मोनला द्यायला मी तरी तयार नाही. नॉरॲड्रेनलिनचा वाटा बाहेरून दिसतो: नाडी जलद, बीपी चढलेलं, बाहुल्या इतक्या मोठ्या की डोळ्याचा रंग कळत नाही, आणि जबडा घट्ट. हा जबडा मी कधी विसरत नाही. बेशुद्ध पोराच्या दोन्ही गालांच्या आतून चावल्याच्या ताज्या खुणा दिसल्या, की लघवीच्या तपासणीआधीच अंदाज येतो.

याच संदर्भात मला फार आवडणारा एक प्रयोग आहे. २०१८ मध्ये ग्युल डोलेन आणि एरिक एडसिंगर यांनी चक्क ऑक्टोपसना एमडीएमए दिलं. हा प्राणी एकलकोंडा, दुसरा ऑक्टोपस दिसला तर टाळणारा. औषधाच्या पाण्यातून काढल्यावर ते दुसऱ्या ऑक्टोपसच्या जवळ जास्त वेळ राहू लागले, अंगाला हात लावू लागले. आपले आणि त्यांचे पूर्वज पन्नास कोटी वर्षांपूर्वीच वेगळे झाले, मेंदूची रचना पूर्ण निराळी, पण सेरोटोनिन ट्रान्सपोर्टरचा जो भाग एमडीएमएला धरतो तो दोघांत जवळजवळ सारखा. सगळा खेळ या एका प्रथिनावर किती अवलंबून आहे, हे याहून चांगलं कसं दाखवणार?

आता तुमच्या भावाकडे येऊ. एस्सिटालोप्रामने ते प्रथिन आधीच व्यापलेलं असेल, तर एमडीएमएला पेशीत शिरायला वाटच नाही. झुरिकमध्ये २००० च्या सुमारास निरोगी स्वयंसेवकांना आधी सिटालोप्राम (एस्सिटालोप्रामचं भावंड) देऊन मग एमडीएमए दिलं, तेव्हा मनावरचे बहुतेक परिणाम बरेच मंदावले. तेव्हा ‘लागत नाही’ हे निरीक्षण खरं आहे. पण ‘लागत नाही’ याचा अर्थ ‘शरीरात नाही’ असा होत नाही. गोळी पोटात गेली, रक्तात आली, हृदयाकडे पोचली. नॉरॲड्रेनलिनचा दरवाजा या औषधाने बंद झालेला नाही. तरुण मुलं इथे फसतात: काही वाटत नाही म्हणून आणखी घेतात. फ्लुओक्सेटिन किंवा पॅरॉक्सेटिन घेणाऱ्याचं प्रकरण त्याहून वाईट, कारण ही दोन औषधं लिव्हरमधलं तेच एन्झाइम अडवतात ज्याने एमडीएमए मोडलं जातं. म्हणजे मजा कमी आणि रक्तातलं प्रमाण जास्त. बुप्रोपियॉन हे नैराश्यावरचं आणखी एक औषधही त्या एन्झाइमला असंच अडवतं.

गोळी बंद करून चार दिवसांत मोकळं झालो, हाही भ्रमच. एस्सिटालोप्राम रक्तातून निम्मं व्हायला साधारण सव्वा दिवस लागतो, त्यामुळे चार दिवसांनी ते बरंचसं गेलेलं असतं. पण महिनोन् महिने औषधाखाली राहिलेल्या मेंदूने ट्रान्सपोर्टर आणि रिसेप्टर (संदेश पकडणारी प्रथिनं) जे नव्याने जुळवून घेतलेले असतात, ते चार दिवसांत जुन्या जागी येत नाहीत. पीटीएसडीच्या (मोठ्या आघातानंतर जडणाऱ्या मानसिक आजाराच्या) रुग्णांवर एमडीएमएचे जे औषधी प्रयोग झाले, त्यांत एसएसआरआय डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवले जायचे. तरीही नंतरच्या विश्लेषणात दिसलं की ज्यांचं हे औषध नुकतंच बंद झालं होतं, त्यांना उपचाराचा फायदा इतरांपेक्षा कमी झाला. आणि अचानक बंद केल्याचा स्वतंत्र त्रास असतोच: चक्कर, चिडचिड, रडू येणं, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं वाटणं, विचित्र स्वप्नं. तुमच्या भावाच्या त्या तीन-चार दिवसांत हा वाटा किती आणि एक्स्टसीचा उतार किती, हे बाहेरून वेगळं काढता येत नाही. दोन्हींनी हातभार लावला असणार. भाऊ गोळी परत सुरू करून बसला नसेल तर आज त्याच्या डॉक्टरांना फोन करा, खरं काय ते सांगून. बंद केलेली गोळी कशी सुरू करायची हे तेच ठरवतील. नैराश्यावरची गोळी पार्टीसाठी थांबवणं हा या सगळ्या प्रकारातला मला सर्वांत जास्त खटकलेला भाग आहे. एमडीएमएचा धोका त्या रात्रीचा, पण नैराश्य उलटलं तर ते पुढचे कित्येक महिने खातं.

आता अर्ध्या गोळीचा हिशेब. बहुतेक औषधांत आपण गृहीत धरतो की डोस दुप्पट तर रक्तातलं प्रमाण दुप्पट. एमडीएमएला हा नियम लागू होत नाही. लिव्हरमध्ये ते मुख्यतः सीवायपी-२डी६ नावाच्या एन्झाइमने मोडलं जातं. मोडताना जो मधला तुकडा तयार होतो तो त्याच एन्झाइमला कायमचा चिकटतो आणि ते निकामी करतो. पहिल्या डोसनंतर दोनेक तासांत लिव्हरमधलं बरंचसं सीवायपी-२डी६ असं बाद झालेलं असतं. नवं तयार होऊन पूर्ववत व्हायला दहा दिवसांच्या आसपास लागतात. म्हणजे पहिली अर्धी गोळी स्वतःच्या बाहेर पडायच्या रस्त्यावर कुलूप लावून बसते, आणि दुसरी अर्धी त्या बंद रस्त्यावर येते. बार्सिलोनात राफाएल दे ला तोरे यांच्या गटाने वाढत्या डोसवर मोजमापं घेतली, तेव्हा डोस वाढला त्यापेक्षा रक्तातलं प्रमाण जास्त वेगाने वाढलेलं दिसलं. जन्मतःच ज्यांच्यात हे एन्झाइम दुबळं असतं त्यांची चर्चा खूप होते, पण खरं सांगायचं तर पहिल्या गोळीनंतर सगळेच त्या रांगेत येतात.

यात दुसरी एक गाठ आहे. रक्तातलं प्रमाण साधारण दोन तासांनी शिखरावर येतं आणि मग निम्मं व्हायला आठ-नऊ तास घेतं. मनावरचा असर मात्र त्याआधीच उतरायला लागतो, कारण साठा रिकामा होत आलेला असतो आणि मेंदू तात्पुरता बधिर झालेला असतो. माणसाला वाटतं औषध गेलं. औषध कुठेही गेलेलं नसतं. त्या क्षणी वाढवलेली गोळी आनंदात फार भर घालत नाही, नाडीत, बीपीत आणि अंगाच्या तापमानात घालते. भावाने पाऊण तासाने दुसरी अर्धी घेतली तेव्हा तर पहिलीचा चढही पुरता झाला नव्हता. शिवाय गोळीत एमडीएमएच होतं याची खात्री कोण देणार? पीएमए नावाचं एक ॲम्फेटामिन एक्स्टसीच्या गोळ्यांत सापडतं, ते आणखी उशिरा चढतं आणि मोनोअमाइन ऑक्सिडेजला चांगलंच दाबतं. ‘ही गोळी हलकी आहे’ म्हणत पुढची घेतलेली माणसं त्याने मेलेली आहेत.

लिव्हरच्या या अडवणुकीचं टोक १९९६ मध्ये इंग्लंडमध्ये दिसलं. एचआयव्हीवर रिटोनाविर नुकतंच सुरू झालेल्या एका माणसाने एक्स्टसी घेतली आणि काही तासांत तो गेला. रक्तातलं प्रमाण घेतलेल्या गोळ्यांच्या मानाने कितीतरी जास्त होतं. रिटोनाविरने एमडीएमए मोडणारी एन्झाइमं बांधून ठेवली होती.

आयसीयूत प्रत्यक्ष माणूस मरतो तो बहुतेक वेळा दोन कारणांनी: उष्णता किंवा पाणी.

उष्णतेचं असं आहे. सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनलिन मिळून स्नायूंत उष्णता तयार करतात, त्याच वेळी त्वचेच्या रक्तवाहिन्या आवळतात, म्हणजे आतली उष्णता बाहेर टाकायची खिडकी बंद. त्यात तासन् तास नाचणं, माणसांची गर्दी, आणि गोव्याची दमट हवा, जिथे घाम येतो पण वाळत नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत थंड खोलीत एमडीएमए दिलं तर तापमान उतरलेलंही दिसतं आणि गरम खोलीत तेच प्राणघातक होतं. म्हणजे तापमान सांभाळणारी यंत्रणाच आसपासच्या हवेच्या हवाली होते. ४१ अंशांच्या वर स्नायू वितळायला लागतात, त्यातलं मायोग्लोबिन किडनीत अडकतं, लघवी कोकमच्या रंगाची येते, मग रक्त गोठायची यंत्रणा बिघडून जिथे सुई टोचली तिथून रक्त झिरपत राहतं. या तापावर पॅरासिटामॉल चालत नाही. संसर्गाच्या तापात मेंदूतला थर्मोस्टॅट वर सरकलेला असतो, पॅरासिटामॉल तो खाली आणतं. इथे थर्मोस्टॅट जागेवर आहे, अंगच तापलंय. उपाय एकच, बर्फ आणि पाणी, आणि तेही पहिल्या अर्ध्या तासात. बर्फ हॉस्पिटलात कधीच पुरेसा नसतो. मासळीबाजाराजवळच्या बर्फाच्या कारखान्यातून पहाटे तीन वाजता लादी मागवायची, वॉर्डबॉयने ती पोत्यात घालून फोडायची, प्लास्टिकच्या ताडपत्रीत पेशंट आणि बर्फाचं पाणी, आणि गुदद्वारात थर्मामीटर, कारण काखेतला आकडा इथे थापा मारतो. सोबत शिरेतून लोराझेपाम किंवा मिडाझोलाम ही गुंगीची औषधं सढळ हाताने. पेशंट आरडाओरडा करतोय म्हणून हॅलोपेरिडॉल हे मनोविकारावरचं इंजेक्शन टोचायचा मोह होतो, तो आवरावा.

पाण्याची गोष्ट उलटी. १९९५ मध्ये इंग्लंडमध्ये अठरा वर्षांची एक मुलगी वाढदिवसाच्या पार्टीत एक्स्टसी घेऊन गेली आणि सगळ्या देशात गाजावाजा झाला. ती गोळीच्या विषाने गेली असं सगळे धरून चालले होते. प्रत्यक्षात तिने दीड तासात सातेक लिटर पाणी प्यायलं होतं, ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला ऐकून. एमडीएमए मेंदूतून व्हॅसोप्रेसिन सोडायला लावतं. हे हॉर्मोन किडनीला पाणी धरून ठेवायला सांगतं. वरून पाणी ओतायचं, खालून लघवी होत नाही, रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि मेंदूला सूज येते. बायकांना हा धोका पुरुषांपेक्षा बराच जास्त. इस्ट्रोजेनचा त्यात हात असावा. ओळखायची खूण: अंग फार गरम नाही, पण डोकं भयंकर दुखतंय, उलट्या होतायत, बोलणं असंबद्ध, मग फिट. अशा वेळी सोबतचे ‘डिहायड्रेशन झालंय’ म्हणून बाटलीवर बाटली पाजत असतात, आणि एखादा घाईतला डॉक्टर साधं सलाईन जोरात सोडतो. सोडियमचा रिपोर्ट आल्याशिवाय हे करू नये. फिट येत असेल आणि सोडियम खाली असेल तर तीन टक्क्यांचं सलाईन थोडंथोडं, मोजून द्यावं लागतं. नाचणाऱ्याने पाणी प्यावं ते तहानेपुरतं आणि घामाच्या हिशेबाने, आणि मधेमधे सावलीत, गारव्यात बसावं. लिंबू-मीठ-साखरेचं सरबत नुसत्या पाण्यापेक्षा बरं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

तिसरी गोष्ट सेरोटोनिन सिंड्रोम, म्हणजे सेरोटोनिनचा अतिरेक होऊन झालेली विषबाधा, आणि ती सगळ्यात जास्त चुकते. एकट्या एसएसआरआयबरोबर जीवघेणा सिंड्रोम होणं तुलनेने कमी, कारण आधी म्हटलं तसं ते एमडीएमएला दारातच अडवतात. खरा स्फोट होतो तो मोनोअमाइन ऑक्सिडेज बंद करणाऱ्या औषधांबरोबर: उपसा चालू आणि निचरा पूर्ण बंद. फिनलंडमध्ये मोक्लोबेमाइड या अशाच औषधाबरोबर एक्स्टसी घेतलेल्यांचे मृत्यू नोंदले गेले आहेत. आपल्याकडे मोक्लोबेमाइड कोण घेतं, असं तुम्ही म्हणाल. पण लिनेझोलिड हे अँटिबायोटिक मोनोअमाइन ऑक्सिडेजला दाबतं, आणि औषधांना दाद न देणाऱ्या टीबीच्या उपचारात ते महिनोन् महिने दिलं जातं. मुंबईत अशा टीबीचे तरुण रुग्ण कमी नाहीत. त्याशिवाय ट्रामाडॉल, जे कंबरदुखीपासून सगळ्याला सर्रास लिहिलं जातं, आणि खोकल्याच्या सिरपमधलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, दोन्ही सेरोटोनिन वाढवतात. पेशंटच्या खिशातली प्रत्येक पट्टी बघावी ती यासाठी. निदानाची खूण पायाशी असते. पेशंटचं पाऊल हातात धरून झटकन वर ढकललं की ते आपोआप ठकठक ठकठक हलत राहतं, हात काढेपर्यंत. गुडघ्यावर हातोडी टेकवली तरी पाय उसळतो. दारूच्या किंवा साध्या घाबरलेपणाच्या थरथरीत असं होत नाही.

उताराबद्दल थोडंसं. दोन-तीन दिवसांनी येणाऱ्या उदासीचं सोपं स्पष्टीकरण म्हणजे रिकामी झालेली टाकी. उंदरांमध्ये सेरोटोनिन तयार करणारं एन्झाइमही काही काळ मंदावतं हे दिसलंय. माणसात त्यात जागरण, उपाशीपोटी रात्र आणि दारू यांची भेसळ असते. कायमची हानी होते का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मनात असणार. वारंवार आणि मोठ्या प्रमाणात घेणाऱ्यांच्या मेंदूच्या चित्रांत सेरोटोनिन ट्रान्सपोर्टर कमी दिसतात, सोडल्यावर ते बऱ्याच अंशी भरून येतात. लक्षात ठेवायची क्षमता मात्र काहींत रेंगाळत कमी राहते. एका रात्रीने मेंदूला भोकं पडतात ही समजूत खोटी आहे. तिला बळ मिळालं ते २००२ मध्ये ‘सायन्स’मध्ये छापलेल्या एका प्रबंधाने, ज्यात माकडांना एका रात्रीपुरते डोस देऊन डोपामिनच्या पेशी मेल्याचं दाखवलं होतं. वर्षभराने लेखकांनीच तो मागे घेतला: बाटल्यांची लेबलं चुकली होती, माकडांना दिलं गेलं होतं मेथॅम्फेटामिन. दुसरीकडे हृदयाच्या झडपांचा मुद्दा कमी बोलला जातो. झडपांवरचा ५-एचटी-२बी हा सेरोटोनिनचा रिसेप्टर सतत चेतवला की झडपा जाड होतात. याच कारणाने फेनफ्लुरामिन ही वजन कमी करायची गोळी १९९७ मध्ये बाजारातून गेली. तीही ॲम्फेटामिनच्याच कुळातली, तीही सेरोटोनिन सोडायला लावणारी. एमडीएमए हा रिसेप्टर चेतवतं, आणि वर्षानुवर्षं भरमसाठ घेणाऱ्या काहींत तशाच झडपा दिसल्या आहेत.

‘पण परदेशात हे औषध म्हणून देतात ना?’ भाऊ हे विचारणार, तेव्हा उत्तर तयार ठेवा. पीटीएसडीवर दोन मोठ्या चाचण्या झाल्या. २०२१ मध्ये छापलेल्या पहिल्या चाचणीत ९० माणसं होती. एमडीएमएसह मानसोपचार घेतलेल्यांपैकी ६७ टक्क्यांत पीटीएसडीचं निदान उरलं नाही, नुसत्या मानसोपचाराच्या गटात हा आकडा ३२ टक्के होता. २०२३ च्या दुसऱ्या चाचणीत हेच आकडे ७१ आणि ४८. आकडे चांगले आहेत, मीही प्रभावित झालो. पण जबडा आवळून बाहुल्या मोठ्या करणाऱ्या औषधाची खोटी गोळी कशी बनवणार? आपल्याला काय मिळालंय हे जवळपास प्रत्येकाला कळतं, आणि त्या अपेक्षेचाही परिणाम होतो. अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएच्या सल्लागार समितीने जून २०२४ मध्ये परिणामकारकतेच्या प्रश्नावर ९ विरुद्ध २ मतांनी नकार दिला आणि ऑगस्टमध्ये एफडीएने आणखी एक चाचणी मागितली. ऑस्ट्रेलियात मात्र १ जुलै २०२३ पासून ठरावीक परवानाधारक मानसोपचारतज्ज्ञांना पीटीएसडीसाठी ते लिहिता येतं. या सगळ्यात शुद्ध औषध, आधी ईसीजी, बीपीवर लक्ष, आठ तास शेजारी बसलेले दोन थेरपिस्ट, आणि दोन वेळांत आठवड्यांचं अंतर असतं. गोव्यातल्या हणजूणच्या रात्रीशी त्याची बरोबरी नको.

तुमच्या भावाला आता करायचं ते इतकंच. पुढच्या दहा-बारा दिवसांत सर्दी-खोकल्याचं सिरप, ट्रामाडॉल किंवा कुठलंही नवं औषध घ्यायच्या आधी डॉक्टरांना गोव्याचा प्रकार सांगावा, कारण सीवायपी-२डी६ अजून पूर्ववत झालेलं नसेल. मरून जावंसं वाटतंय असं तो बोलला, किंवा तुम्हाला तशी शंका जरी आली, तर थांबू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो. पुन्हा घ्यावंसं वाटत राहिलं तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६. पोलिसांच्या भीतीने डॉक्टरांपासून लपवू नये. एमडीएमएच्या बाबतीत कायदा ०.५ ग्रॅमपर्यंत ‘अल्प’ आणि १० ग्रॅमच्या वर ‘व्यापारी’ प्रमाण मानतो आणि व्यापारी प्रमाणाला किमान दहा वर्षं सक्तमजुरी आहे, हे खरं. पण त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे: व्यसनी माणूस अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात अडकला असेल आणि स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. आणि मित्र कधी तापला, बरळू लागला किंवा फिट आली, तर गोळी किती वाजता घेतली आणि रोजची औषधं कुठली, ही दोनच वाक्यं डॉक्टरला पहिल्या मिनिटात सांगावीत. आमचा निम्मा वेळ याच दोन वाक्यांची वाट बघण्यात जातो.